उदबत्तीची राख आणि गुलाबी अजिसाई

सेइगेनजी देवळाची अजिसाई, म्हणजे हायड्रेंजिया, निळी. जूनच्या पावसात पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना तिचे झुबके फुलतात आणि पायथ्याचा मिठाईवाला त्या दिवसांत निळ्याखेरीज दुसरी मिठाई करत नाही. यंदा वरच्या वळणावरची झुडपं गुलाबी फुलली.

आमच्या पेपरात फुलांची खबर मी देतो. वर पोचलो तर देवळाचा घरजावई केइशुन झुडपांवर छत्री धरून उभा होता. स्वतः चिंब भिजला होता.

"सेनो-सान, यंदा खालच्याच पायऱ्यांचं लिहाल का?"

"वर काय झालं?"

"राख," तो कुजबुजला.

लोकांच्या प्रार्थनांबरोबर जळलेल्या उदबत्त्या. त्यांची राख कचऱ्यात टाकणं त्याच्या जिवावर आलं. म्हणून हिवाळाभर त्याने ती झुडपांच्या मुळाशी घातली. राखेने माती पालटते आणि मातीबरोबर या फुलांचा रंगही, हे शहरात वाढलेल्या केइशुनला कोण सांगणार? सासूबाई तोमिए-सान गुडघ्यामुळे वर चढतच नव्हत्या.

आज मात्र त्या चढणार होत्या. सासरे गेल्यापासून देवळाला मुख्य पुजारी नव्हता. केइशुनला ती गादी द्यायची का, हे गावची वडीलधारी मंडळी फुलं बघता बघता तोमिए-सानना विचारून ठरवणार होती.

"छत्रीने किती झाकशील?" मी म्हणालो.

तेवढ्यात मंडळी आलीच. तोमिए-साननी फुलं पाहिली, मग मुळाशी साचलेला करडा थर पाहिला.

"जावईबापू, उदबत्तीची राख कुठे टाकता?"

"इथेच, आई."

"सगळी?"

"सगळी. फेकून देववेना."

म्हातारे हातानो-सान घसा खाकरून म्हणाले, "माझ्या आजोबांपासून निळी आहेत ही."

"असतील," तोमिए-सान म्हणाल्या. "घरात नवा जावई आलाय, लाजली असतील."

कोणीतरी खुदकन हसलं. हातानो-साननी हसू दाबलं. "मग याचं काय करायचं, तोमिए-सान?"

त्या पायरीवर टेकल्या आणि गुडघा चोळत म्हणाल्या, "राखसुद्धा फेकवत नाही म्हणतोय. असा दुसरा कुठून आणू? करा पुजारी."

केइशुन कमरेत वाकला, तो वर येईचना.

"उठा आता," तोमिए-सान म्हणाल्या, "आणि ऐका. गादी तुमची. बागेला हात लावायचा नाही."