विचारून गमावलेली वाट

मी स्टॅडलोचा किल्ला बोलतोय. नीट ऐका, कारण आज माझं डोकं ठिकाणावर नाही. माझ्या दरवाज्यावर विक्रीची पाटी ठोकली आहे: 'ऐतिहासिक व्हिक्टोरियन किल्ला. हॉटेल, गोदाम, लग्नसमारंभ, कशासाठीही योग्य.' कशासाठीही! दीडशेहून जास्त वर्षं समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो, ते हे वाचायला?

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात 'फ्रेंच येणार, फ्रेंच येणार' अशी हूल उठली, तेव्हा माझा जन्म झाला. आसपासच्या गावांतले पाथरवट आणि गवंडी वर्षानुवर्षं माझ्यासाठी राबले. चुनखडीचे दगड, लाखो विटा, भोवती खोल खंदक. तोफा आल्या, शिपाई आले. फ्रेंच मात्र आलेच नाहीत. माझ्या तोफा सलामीपुरत्या उडाल्या आणि लोक मला 'सरकारी खूळ' म्हणून हसू लागले. चोर आला नाही म्हणून कोणी कुलपाला खुळं म्हणतं का? पण माझं ऐकतो कोण!

एक अन्याय मात्र माझ्यामुळे झाला. गावातून कड्याखालच्या पुळणीवर जायची जुनी वाट होती, ती मला बांधताना माझ्या पोटात गेली. दुसरं महायुद्ध संपलं, लष्कर गेलं, माझा दरवाजा उघडा पडला आणि गाव पुन्हा आपल्या वाटेने जाऊ लागलं. टॉवेल खांद्यावर, कुत्री पुढे, चहाचे थर्मास काखेत. दरवाज्यातून आत, मैदान ओलांडून, मागच्या पायऱ्यांनी थेट वाळूवर. तोफांपेक्षा मला तीच वर्दळ आवडायची, खरं सांगतो.

त्यांच्यात इनिड टॉली पहिली. शाळेत भूगोल शिकवायची. आता ऐंशी पार केली, तरी लोकरीची लाल टोपी घालून बारा महिने समुद्रात पोहायला जाते. तिचे गुडघे जमिनीवर कुरकुरतात, पाण्यात नाही. नवरा गेल्यावर ती घरात दिवसचे दिवस बसून राहायची. तिला पुन्हा माणसांत आणलं ते त्या पाण्यानं.

मधे मी एका कंपनीच्या मालकीचा झालो. माझ्या छपरावरचे शिशाचे पत्रे चोरीला जाऊ नयेत म्हणून कंपनीने क्लिफर्ड नावाचा पहारेकरी ठेवला. दरवाजा दिवसभर सताड उघडाच असायचा. क्लिफर्ड कोणाला अडवत नव्हता, अडवायला त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. तरी इनिड रोज उंबऱ्यावर थांबायची.

"येऊ का रे, क्लिफर्ड?"

"या की बाई. पाणी आज नुसतं बर्फ आहे हं."

"मग तूही चल."

"नको. मला अजून जगायचंय."

मग तिच्या मागचा विचारायचा, मग त्याच्या मागचा. खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीची माफी मागणारी माणसं ही! दर ख्रिसमसला सगळ्या गावातर्फे क्लिफर्डला आल्याचा केक मिळायचा. मलाही ते गोड वाटायचं. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

गेल्या वर्षी कंपनीने मला विकायला काढलं. जाइल्स नावाचा दलाल टोकदार बूट वाजवत आला. माझ्या दारूकोठारात ठिणगी उडू नये म्हणून शिपाई बूट काढून, कापडी सपाता घालून श्वास रोखत वावरायचे. तिथे उभा राहून हा गिऱ्हाइकाला म्हणतो, "इथे मालिश केंद्र छान होईल. पाहुणे मऊ सपाता घालून फिरतील." आणि वर म्हणाला, "गावकऱ्यांची ये-जा? ती बंद करू. पुळण फक्त पाहुण्यांसाठी."

गाव खडबडून जागं झालं. या देशात एक कायदा आहे. वाद उठण्याआधीची सलग वीस वर्षं लोक एखाद्या वाटेने जोरजबरदस्ती न करता, न लपता आणि कोणाची परवानगी न घेता गेले, तर ती वाट लोकांची होते. मग जागा कोणीही विकत घेवो, वाट अडवता येत नाही. वीस वर्षं? अहो, इथे तर त्याच्या कितीतरी पट झाली होती! मी निर्धास्त होतो.

गावाने दावा लावला. त्याची सुनावणी माझ्याच जुन्या बराकीत भरली. सगळं गाव रांगेत आलं, रांगेतच बसलं. कंपनीचा वकील तरुण होता, जिभेवर साखर ठेवून बोलणारा.

"टॉलीबाई, तुम्ही या वाटेनं रोज जायचात?"

"रोज. ख्रिसमसलासुद्धा."

"अशाच धडाधड आत शिरायचात?"

"छे! आम्ही काय गुंड आहोत? विचारून जायचो."

"कोणाला?"

"हा काय, क्लिफर्डला. तो हो म्हणाल्याशिवाय मी आत पाऊल टाकलं नाही."

"म्हणजे कंपनीच्या माणसाची परवानगी असायची."

"अर्थात!" इनिडने मान ताठ केली. "सगळं गाव विचारायचं. दर ख्रिसमसला आम्ही त्याला केकसुद्धा द्यायचो."

वकील "आभारी आहे" म्हणून खाली बसला. क्लिफर्डने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इनिड त्याच्याकडे वळली. "काय रे? काय चुकलं माझं?"

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "न विचारता नुसत्या आत आल्या असतात ना, तर वाट तुमची होती."

अरे, काय माणसं आहात तुम्ही! दरवाजा उघडा होता, वाट बापजाद्यांची होती, विचारलंत कशाला? तोफगोळे झेलायला माझ्या भिंती बांधल्या होत्या, आणि मी पडलो तो आल्याच्या केकने. आणि तो वकील! म्हातारीच्या सभ्यपणाचाच फास करून तिच्या गळ्यात अडकवला त्याने. माझ्याकडे एक तोफ उरली असती तर मी तिचं तोंड समुद्राकडे ठेवलं नसतं.

निकाल विरुद्ध गेला. दरवाज्याला कुलूप लागलं, क्लिफर्डची नोकरी गेली. इनिड घरात बसून असते, असं कानावर आलं. तो हिवाळा मला फार जड गेला. मग एका वादळात खंदकाकडच्या माझ्या चोरदरवाज्याच्या बिजागऱ्या निखळल्या. वारा होताच, पण मीही त्या थोड्या सैल सोडल्या, कबूल करतो.

दुसऱ्याच आठवड्यात भर सकाळी तिथून लाल टोपी आत आली. मोठ्याने गाणं म्हणत! मैदानात जाइल्स गिऱ्हाइकांना आता घरं म्हणून विकायला काढलेले माझे गाळे दाखवत होता. तो धावत आला.

"बाई, इथून जायला परवानगी नाही!"

"मी मागितलीय का?"

"वीस वर्षं मोजायला लागलात की काय? शंभरी उलटेल तुमची."

"उलटू दे. मी नसले तर हे येतील," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. तिच्या मागून टॉवेल घेतलेलं अर्धं गाव येत होतं. कोणी थांबलं नाही. कोणी माफीसुद्धा मागितली नाही. त्या दिवसापासून ते रोज येतात.

मी विकला जाईन, ते आता टळत नाही. माझे गाळे तुम्ही घ्याल, पडदे लावाल, कुंड्या ठेवाल. एखाद्या सकाळी खिडकीतून तुम्हाला गारठलेली म्हातारी पुळणीवरून वर येताना दिसेल. तुमचा जीव कळवळेल. दार उघडून हसून बोलावंसं वाटेल. तेव्हा या म्हाताऱ्या किल्ल्याची एवढी विनंती ऐका. तोंड फिरवा, पडदा ओढा, वाटलं तर उद्धट व्हा. पण देवाशपथ, तिला "या, बाई" म्हणू नका.