नाव विचारण्याची पायरी

डिंपलनं इंजेक्शन इतक्या सफाईनं दिलं, की कॉटवरच्या कृष्णरावांनी "झालं का?" असं विचारलं.

झालं होतं. फक्त पहिली पायरी राहिली होती.

ते एकट्या रीनाला दिसलं. रीना तालुक्याच्या याच दवाखान्यातली जुनी स्टाफ नर्स. आता रजा घेऊन नागपूरला एम.एस्सी. नर्सिंग करत होती, शिकवण्याचा विषय घेऊन. त्याचाच भाग म्हणून तिनं याच वॉर्डात विद्यार्थिनींना शिकवून त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायची, आणि गाइड मॅडमनी मागे उभं राहून रीनाची. त्या घटकेला मॅडम फोनवर होत्या.

नियम असा: टोचण्याआधी रोग्याचं नाव त्याच्याच तोंडून वदवायचं, केसपेपरशी जुळवायचं. ही पायरी चुकली की बाकी सगळं बरोबर असलं तरी नापास. आणि शिकणारी नापास झाली की शिकवणारीचे गुण घसरतात.

अभिप्राय, पहिला खर्डा: कौशल्य उत्तम.

(खोटं नव्हतं.)

रीनानं डिंपलला खिडकीपाशी नेलं. "नाव काहून नाही विचारलं?"

"कोणाचं?"

"पेशंटचं."

"ताई, मामाजी आहेत ते माहे. चुलत सासरे. बपेऱ्याले त्यायचं घर अन् आमचं घर लागून आहे."

"मंग?"

"मंग काय? त्यायच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही मी, अन् नाव विचारू? गावभर सांगतील, सून वळखत नाही म्हणून. तुमी विचारलं असतं का तुमच्या सासऱ्याले?"

यादोराव हे सासऱ्यांचं नाव रीना लग्नापासून फक्त कागदावर लिहीत आली होती.

दुसरा खर्डा: विद्यार्थिनी रोग्याला ओळखत असल्यामुळे

वाक्य तिथंच अडलं. या वॉर्डात ओळखीचं नव्हतं कोण? शेजारच्या कॉटवर कुणाचा तरी मोहाडीचा मामेभाऊ, त्यापलीकडे कुणाच्या तरी माहेरचा, चिखल्याच्या खाणीतला माणूस. ओळखीपायी सूट द्यायची तर पहिली पायरी अख्ख्या जिल्ह्यातूनच काढून टाकावी लागली असती.

तिसरा खर्डा: नापास. परीक्षा पुन्हा.

हा तिनं सही करून ठेवला.

मॅडमचा फोन संपला. कागद पाहून त्या म्हणाल्या, "अगं, हात तर छान होता तिचा."

"हो मॅडम. नाव विचारलं नाही."

"मला नाही दिसलं ते."

"मला दिसलं."

मॅडमनी आपल्या तक्त्यात, 'विद्यार्थिनीची तयारी करून घेणे' यासमोर, रीनाला पाचपैकी दोन दिले. तेही नियमाला धरूनच होतं.

कृष्णराव पडल्या पडल्या सगळं ऐकत होते. "पास करून टाक ना वो बाई तिले. माह्या घरची आहे."

"म्हणूनच तर राहिलं, बाबाजी," रीना म्हणाली.

गोष्ट इथं थांबवली असती तर ती रीनाची झाली असती. पण दुपारचा डोस बाकी होता. त्याला परीक्षा नव्हती, गुण नव्हते, मॅडम जेवायला गेल्या होत्या. रीना वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला डब्यात कापूस भरत उभी राहिली. डिंपलनं तिच्याकडे पाहिलं नाही. सकाळपासूनच पाहत नव्हती.

ट्रे घेऊन ती कॉटपाशी आली. युनिफॉर्मला पदर नव्हता, तरी हात डोक्याकडे गेला. मग कॉटच्या पायाकडे बघत म्हणाली,

"मामाजी, तुमचं नाव सांगा."

"काहून? इसरली का?"

"नाही. फेल झाली."

म्हातारा कोपरावर भार देऊन उठून बसला आणि तहसीलदारापुढं सांगावं तसं खणखणीत आवाजात म्हणाला, "कृष्णराव गेंदलाल पटले. मुक्काम बपेरा."

डिंपलनं केसपेपरवर बोट ठेवून नाव जुळवलं आणि सिरिंज उचलली.