रंगरावांची गोळी

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. देऊळघाटच्या शिवारातल्या रानडुकरांना ज्वारी चालायची, मका चालायचा, पण जीव जडलेला भुईमुगावर. नेमका तोच गीताबाईंनी त्या साली पेरला. निंदण-डवरणी त्यांनी जातीनं उभं राहून करून घेतली, आणि शेंगा अशा धरल्या की त्यांना आपलाच अभिमान वाटायला लागला. राखणीला नवरा होता, रंगराव. नवऱ्याकडे रायफल होती, कुठल्याशा गोऱ्या साहेबानं जाताना सासऱ्यांना विकलेली, तोंडातून दारू ठासायची.

अडचण एकच. रंगरावांना शास्त्र कळायचं.

"नळीले आतून मळसुत्री आटे हायेत," ते पारावर सांगायचे. "गोळी त्यात रुतली तर भवऱ्यावानी फिरत सरळ जाते. नाही रुतली तर कुठं जाईन, तिचं तिलेच माहीत नाही."

म्हणून त्यांनी चिखलीच्या छापखान्यातून अक्षरांचे झिजलेले शिशाचे खिळे आणून वितळवले. गोळी कडक निघाली, आट्यांत रुतेना. मग निव्वळ शिसं आणलं. ते मऊ होतं, पण साचा थंड असल्यानं गोळीच्या अंगावर सुरकुत्या पडल्या. मग साचा तापवला. मग टोक निमुळतं ठेवावं की बोथट, यावर पारावर वाद पेटला. निमुळती दूर जाते, बोथट आत शिरून फुलते आणि जनावर जागीच बसतं. तिकडे डुकरं भुईमुगाच्या ओळीमागून ओळी उकरत होती. नमनालाच घडाभर तेल चाललं होतं, आणि तेल ज्या शेंगांचं निघायचं त्याच संपत आल्या होत्या.

"साध्या गोळीनं काऊन नाही मारत?" गीताबाईंनी विचारलं.

"साधी गोळी कोणीबी मारते."

शेवटी गोळी जमली. सोनाराच्या काट्यावर तोलली, रेशमी चिंधीत गुंडाळली. धाडहून माणसं बघायला आली. गीताबाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि मनातून सगळ्यांना शिव्या घातल्या.

एका संध्याकाळी दोघं बांधावर बसलेले असताना मोठा नर शेतात उतरला आणि हाकेच्या अंतरावर आडवा उभा राहिला. रंगरावांनी दारू ठासली. गोळी तळहातावर घेतली. फिरवून पाहिली, हलकेच फुंकर मारली.

"ठासा ना आता."

"थांब व. एवढ्या मेहनतीची गोळी, अन् नेम चुकला तर?"

गीताबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. ढेकूळ उचलून त्या ओरडतच डुकरावर धावल्या. ते तोंडातली शेंग पुरती चावून सावकाश निघून गेलं.

खळ्यावर यायला काही उरलं नाही. दिवाळीनंतर पंचायत समितीचे नवे साहेब घरी आले. रंगरावांनी चिंधी उलगडली.

"वा! किती डुकरं मारली हिनं?"

"एकबी नाही. पण पाहा साहेब, कुठं ओरखडा सापडते का."

साहेबांनी गोळी उजेडात धरून बारकाईनं पाहिली. खरंच ओरखडा नव्हता.

"नीट पाहून घ्या साहेब," चहाची कपबशी पुढं ठेवत गीताबाई म्हणाल्या. "यंदा आमच्या घरी तेवढंच पिकलं."