पुठ्ठ्याच्या आडोशामागे

वीस बाजूंचा फासा थांबण्याआधी एका कडेवर किंचित डोलतो. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तो तसाच डोलला आणि सतरावर स्थिरावला. तुळसाचं चिलखत भेदायला शत्रूला चौदा पुरे होते.

"हुकला," रूपाली म्हणाली.

रविवारी दुपारी राजारामपुरीतल्या तिच्या घरी हा खेळ चाले. बाकीच्यांनी एकेक पात्र सांभाळायचं. गोष्ट आणि शत्रू रूपालीकडे. शत्रूंचे फासे ती आडोशामागे टाकी आणि आकडा न सांगता नुसता निकाल सांगे.

भालाईत तुळसा हे राजनंदिनीचं पात्र. सोबत्यांना निसटता यावं म्हणून आज ती एकटीच पुलावर उभी राहिली होती. अंगात बळ उरलं नव्हतं. आता एक घाव बसला की संपली.

"परत हुकला?" राजनंदिनीनं भडंगाची वाटी बाजूला सारली. "मागच्या लढाईतबी हुकला. त्याच्या आदीबी. माझ्यासमोर येतंय ते आंधळंच कसं गं?"

कृष्णात खो खो हसला. "नुरा कुस्ती हाय ही! आधीच ठरवलेली. कुणी कुणाला चितपट करायचं न्हाय, आन् वर फेटा बांधून घ्यायचा."

"तू गप रं. मी ताईला इचारतोय."

आधी खेळायला येणाऱ्या जिनेंद्रचं पात्र पहिल्याच लढाईत मेलं होतं, अगदी नियमाप्रमाणे. त्यानंतर जिनेंद्र फिरकला नाही. तेव्हापासून कुणाचं पात्र मारायला रूपाली धजत नव्हती. पुढच्या वेळी जे पडेल तेच सांगायचं, असं ती दर वेळी स्वतःला बजावे आणि दर वेळी राजनंदिनीच्या तोंडाकडे बघून "हुकला" म्हणे. राजनंदिनीही गेली, तर टेबलाशी उरणार कोण?

"पुलावर मी मुद्दाम थांबलो," राजनंदिनी म्हणाली. "तुळसा मरंल, हे ठाऊक हुतं. तू मरूच देणार नसशील, तर मी तिथं केलं काय? नुसतं उभं ऱ्हायलो की."

इतके वार ओळीनं हुकण्याची शक्यता किती, ते रूपाली मनातल्या मनात काढू शकली असती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिच्या एखाद्या विद्यार्थ्यानं असे आकडे आणून दाखवले असते, तर तिनं प्रयोग पुन्हा करायला लावला असता.

तिनं पुठ्ठा उचलला, मिटला आणि खुर्चीखाली सरकवला.

"पुढचा शत्रू पुलावर आलाय. इथून पुढं फासे सगळ्यांसमोर."

फासा घरंगळत गेला, भडंगाच्या वाटीला आपटला आणि मागं आला. सोळा.

मग कृष्णातच हळू आवाजात म्हणाला, "ताई, वाटीला लागला की. परत टाक. असलं धरत्यात व्हय?"

पळवाट चांगली होती. नियमात कुठं बसवायचं म्हटलं, तर बसलीही असती. रूपालीनं फासा पाहिला. टेबलावर होता, सपाट होता, कशाला टेकलेला नव्हता. राजनंदिनीचे डोळे भरले होते, पण तीही फाशाकडेच बघत होती. तिनं परत टाक म्हटलं नाही.

रूपालीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"वार बसला," ती म्हणाली. "तुळसा पुलावर मेली."