स्टोनहेंजला लावलेला ओळंबा

मित्रांनो, मी ओळंबा. जुना, पितळेचा, वजनाने पाऊण किलो आणि स्वभावाने सरळ. गवंडी दोरीला बांधून जे वजन भिंतीलगत सोडतो आणि एक डोळा मिटून बघतो, ते मी. टांगलं की सरळ खाली लोंबायचं, याखेरीज आमच्या कुळाला काही येत नाही. पण जगात एवढंही फार थोड्यांना जमतं, असं माझं निरीक्षण आहे.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. ओतणाऱ्याने साच्यातून काढून पाण्यात टाकलं तेव्हा मी एकदाच ओरडलो. त्यानंतर आजतागायत आवाज केलेला नाही. खंडेराव मिस्त्री तेव्हा विशीत होते. त्यांनी मला तळहातावर तीनदा तोललं आणि कमरेला लावलं.

माझ्या दोरीवर एक लाकडी ठोकळाही असतो, बरोबर माझ्या जाडीचा. ठोकळा वर भिंतीला टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला जेमतेम शिवलो की भिंत सरळ. फट राहिली किंवा मी भिंतीवर रेललो, की वीट काढा. आमच्याकडे तिसरा निकाल नाही.

चाळीस वर्षं आम्ही दोघांनी भिंती उभ्या केल्या. एकलहऱ्याच्या वसाहतीत केल्या, देवळ्याच्या बाजारात केल्या. हरसूलच्या शाळेत आजही वाकडं काही सापडलं तर ते फळ्यावरचं अक्षर असेल, भिंत नव्हे. लोक म्हणायचे, खंडेरावांची भिंत म्हणजे बघायचं काम नाही. मी हे सारं नम्रपणे ऐकून घेत असे. नम्र राहणं मला सोपं जातं, मी खालीच बघत असतो.

मग देवळ्याला वाल्मीकशेठ नावाच्या कांदा व्यापाऱ्याच्या गोदामाचं काम निघालं. भिंत झाल्यावर एका तरुण इंजिनिअरने लाल किरण टाकणारं यंत्र लावलं. दहा फुटांत भिंत इंचभर मागे गेलेली निघाली. ती पाडली. सगळे मजूर बघत उभे होते. खंडेरावांनी मला हातात उंच धरलं आणि म्हणाले, "ओळंबा खोटा झालाय."

मित्रांनो, पितळेला कान नसतात ही अफवा आहे.

त्या दिवसापासून त्यांनी थापी धरली नाही आणि मी खिळ्यांच्या डब्यात गेलो. चारचौघांत दोष माझा होता. घरात मात्र ते दाराच्या चौकटीकडे आधी एक डोळा मिटून बघत, मग दुसरा. नवा ओळंबा बाजारात मिळतो, गवंड्याची नजर मिळत नाही. त्यांना भीती होती ती हीच, की खोटी नजरच झाली असेल. तसं असेल तर मिस्त्री संपले. आणि तसं नसेल तर मी.

दोन वर्षं अशी गेली. मग नात सृष्टी, जी इंग्लंडात नर्स आहे, तिने आजी-आजोबांना बोलावून घेतलं आणि स्टोनहेंजचे जगप्रसिद्ध दगड दाखवायचं कबूल केलं. खंडेरावांच्या पत्नी चंद्रभागाबाईंनी मला डब्यातून काढून बॅगेत कुरडयांखाली ठेवलं. वजन वाढतंय म्हणून खंडेराव कुरकुरले. त्यावर बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं खरं बोलणारा एका दिवसात खोटा कसा होईल? दगड बघाया चाललोय, त्याला बी बघू द्या."

तिकीट काढून दगड बघायचे हे खंडेरावांना पटलं नव्हतं. आजवर दगडांनीच त्यांना मजुरी दिली होती. पण माळावर दगडांचा तो मोठा गोल समोर आला आणि ते जागीच थांबले. लोखंड ठाऊक नसलेल्या माणसांनी, हजारो वर्षांपूर्वी, हत्तीपेक्षा जड दगड उभे करून त्यांच्या डोक्यावर आडवे दगड बसवले होते. बाकीचे लोक दगडांकडे पाठ करून फोटो काढत होते. खंडेराव हळूच म्हणाले, "यांचा मिस्त्री कोण असंल?"

दगडांना हात लावायची मुभा नव्हती. आडवी दोरी बांधलेली होती. चंद्रभागाबाईंनी पिशवीतून मला काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नको म्हणून पाहिलं, बाईंनी ऐकलं नाही.

दगडाला टेकवता येत नाही म्हटल्यावर ठोकळ्याचं काम नव्हतं. खंडेरावांनी तो मुठीत दाबला, हात लांब केला आणि मला सोडलं. वारा इतका की मी देवळातल्या घंटेसारखा झुलायला लागलो. तेव्हा चंद्रभागाबाईंनी अंगावरची शाल दोन्ही हातांनी पसरली आणि वाऱ्याला पाठ देऊन उभ्या राहिल्या. मी स्थिर झालो. लोक आता दगड सोडून आमचे फोटो काढू लागले. मला त्यात गैर काही वाटलं नाही.

निळ्या जॅकेटातल्या राखणदार बाई आल्या. दोरीला काहीबाही टांगून दगडांची शक्ती मोजणारे तिथे बरेच येतात म्हणे. आजोबांना काही शक्ती जाणवते का, असं त्या विचारत असल्याचं सृष्टीने सांगितलं.

खंडेरावांनी मिटलेला डोळा उघडला नाही. "शक्तीचं मला नाय ठाऊक. पण तो डोक्यावर टेंगूळ असलेला लय उंच दगड हाय ना, तो ओळंब्यात हाय. बाकीची मंडळी जरा लवंडल्यात."

सृष्टीने भीत भीत भाषांतर केलं. बाईंच्या चेहऱ्यावरचं नोकरीचं हसू गेलं आणि खरं हसू आलं. त्या म्हणाल्या, तो दगड पूर्वी कलला होता. सव्वाशे वर्षांपूर्वी तो सरळ करून त्याच्या पायात काँक्रीट भरलं आहे. बाईंना हे वाचून माहीत होतं. खंडेरावांना माझ्या दोरीने सांगितलं.

म्हणजे नजर खरी होती आणि मीही खरा होतो.

खंडेराव जवळच्या बाकावर बसले. मग त्यांनी मूठ उघडली. तळहातावर ठोकळा होता. त्यांनी तो माझ्या शेजारी फळीवर ठेवला आणि दोघांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडलं. सुताभराने अडलं, पण अडलं. माझा जुना सागवानी ठोकळा देवळ्याच्या कामावरच फुटला होता आणि नवा त्यांनी चहाच्या सुट्टीत, घाईघाईने, बाभळीचा तासला होता. तो जाड राहिला. दर मापाला त्याने भिंत थोडी थोडी मागे ढकलली.

"माझ्याच हातचं खोटं काम," ते म्हणाले. चंद्रभागाबाई शालीची घडी घालत होत्या. त्यांनी हूं केलं नाही. संसारात इतक्या मोठ्या विजयानंतर गप्प राहणं किती अवघड असतं, हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

नाशिकला परतल्यावर खंडेरावांनी माप घेऊन नवा ठोकळा केला आणि आम्ही थेट देवळ्याला गेलो. पाडलेल्या भिंतीच्या जागी गोदामाची नवी भिंत गोटीराम मिस्त्रीने बांधली होती. त्याच्या आणि हमालांच्या देखत खंडेरावांनी तिला मला लावलं, भिंत झकास असल्याचं सांगितलं आणि मग पहिली भिंत आपल्या ठोकळ्याने बिघडवल्याचंही सांगितलं. वाल्मीकशेठ चक्रावले. दोन वर्षं झाली, भिंत झाली, विषय मिटला, मग एवढं सांगायला आलात कशाला, असं त्यांनी विचारलं.

"भिंत तुमची पडली व्हती शेठ, ती उभी राहिली," खंडेराव म्हणाले आणि मला उंच धरलं. "नाव याचं पडलं व्हतं."

मित्रांनो, मला तेल लावू नका, काचेच्या कपाटात ठेवू नका. एवढंच करा. भिंत वाकडी निघाली आणि खाली टांगलेल्याला बोल लावावासा वाटला, तर आधी दोरीचं वरचं टोक बघा. तिथे बहुधा आपलाच हात असतो.