पत्र्याचा कान

"मामा, आत खरी भुतं असतात का पगारी?" माघ्याने विचारलं.

"पगारी," पंढरी म्हणाला. "फुकटच्या भुतांना कोण रांग लावील?"

रांग चांगली दोन वळणं घेऊन आली होती. डोक्यावरून उलटी होणारी गाडी जात होती आणि तिच्यातली माणसं जिवाच्या आकांताने किंचाळत होती. "ती ओरडतायत तरी त्यांना उतरवत का नाय?" हा करिष्माचा प्रश्न सकाळपासून अनुत्तरित होता.

पोशेऱ्याच्या पुढच्या एका पाड्यावरच्या आश्रमशाळेत पंढरी कामाठी होता. भात रांधायचा, पाणी भरायचं आणि वर्षातून एकदा वरून कागद आला की सहलीला जायचं. यंदाच्या कागदात 'भयमुक्त बालपण' असा शब्द होता, म्हणून मनोरंजन उद्यान आणि त्यातही भूतबंगला. हर्षदा मॅडमना अंधारात गुदमरायचं. त्या बाहेर बाकावर पाण्याच्या बाटल्या राखत बसल्या. "दुसरीची नऊ मुलं नेताय, नऊच आणा," एवढी सूचना त्यांनी केली.

आत काळोख होता आणि एसीचा गारठा. मुलं एकमेकांचे हात धरून निघाली. शवपेटीचं झाकण करकरत उघडलं, तेव्हा माघ्याने वाकून पाहिलं आणि "झोपलाय, उठवू नका," असं मागच्यांना सांगितलं. पांढऱ्या साडीतल्या हडळीचा पदर खिळ्याला अडकला होता, तो करिष्माने सोडवून दिला. मग भिंतीतून एक सांगाडा अंगावर उडी मारून आला. नऊ मुलं जागच्या जागी ताठ झाली आणि एका सुरात म्हणाली, "नमस्ते, सर!"

तपासणीला येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला असंच म्हणायचं, हे त्यांना शिकवलेलं होतं. सांगाडा गोंधळून "नमस्ते" म्हणाला.

तिसऱ्या वळणावर मात्र मुलं थांबली आणि एकेक करत खाली बसली.

समोर तांबड्या दिव्याखाली एक मुखवटा टांगलेला होता. बाहेर आलेले दात, हिरवट गाल, वटारलेले डोळे. डावा कान लाकडाचा नव्हता. तो गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठोकलेला होता आणि त्यावर अर्धं सूर्यफूल दिसत होतं.

"मामा," करिष्मा कुजबुजली, "ही आपली त्राटिका हाय."

तिने ती कधी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. शाळेच्या भिंतीवर 'आपली संस्कृती, आपला वारसा' अशा पाटीखाली पंढरीच्या बापाचा, बुधाचा, फोटो होता. बगलेत पत्र्याच्या कानाची त्राटिका, तोंडावर घाम. शनिवारी फोटो पुसायची पाळी करिष्माची असायची.

पाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचवायच्या उत्सवात, त्राटिकेचं सोंग नाचवायचा मान पंढरीच्या घराण्याचा. सोंग आलं की माणसं अशीच बसायची आणि ते नाचून पुढे सरकेपर्यंत कोणी उठायचं नाही. चार वर्षांपूर्वी पंढरीची नोकरी कायम होत नव्हती. तेव्हा गाडीतून एक साहेब आले. मुखवटा काचेच्या कपाटात राहील, खाली बुधाच्या नावाची पट्टी लागेल, असं म्हणाले आणि नोकरीसाठी वर शब्द टाकला. शब्द लागू पडला, मुखवटा गाडीतून गेला. पाड्यावर पंढरीने सांगितलं, वाळवीने खाल्ला. मुखवट्याऐवजी लाल फडक्यात फुटकं सूप बांधून त्याने ते नदीत सोडलं. सोंगापुढे टेंभा धरणारा म्हातारा जिवा, करिष्माचा आजा, त्या सुपासाठी काठावर बसून रडला होता.

बुधा तेव्हा खाटेला खिळलेला होता. तो एवढंच म्हणाला, "कान तरी आण. पत्र्याला कुठली वाळवी लागते?"

पंढरीने कान आणला नाही. बुधानेही पुन्हा मागितला नाही. महिन्याभरात तो गेला.

आता त्या मुखवट्याच्या तोंडातून श्वास येत होता. ज्याने सोंग घेतलंय त्यालाच ठाऊक असतो तसला, लाकडाच्या आत घुमणारा, जड. प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक बारीक शिट्टी. बुधाची छाती अशीच वाजायची.

मागे गर्दी तुंबली. सांगाडा धावत आला. त्याने कवटी वर सरकवली. आत घामाने निथळणारा चाळिशीचा माणूस होता आणि छातीच्या फासळ्यांवर 'उमेश' अशी पट्टी.

"काका, उठवा ना पोरांना! पब्लिक शिव्या घालतेय."

"तो श्वासाचा आवाज बंद करा आधी."

"कसला आवाज? त्यात स्पीकरच नाही. नुसतं खिळ्याला टांगलंय."

मग उमेशने कान दिला. दिला आणि एक पाऊल मागे सरकला. हे त्याच्या ड्यूटीत नव्हतं.

"मामा," माघ्या बसल्या जागेवरून म्हणाला, "नाचल्याबिगर ती कशी जाईल?"

पंढरीने मुलांकडे पाहिलं. एकेकाला बखोटीला धरून उठवता आलं असतं. रोज पहाटे तो तेच करायचा. त्याने चपला काढल्या, मुखवट्यापुढे नीट जुळवून ठेवल्या आणि नाचायला लागला. सात पावलं पुढे, तीन मागे. मुलांनी तोंडाने संबळ धरला. मागच्या पब्लिकने मोबाइल वर केले, एक बाई म्हणाली, "हा आयटम मस्त ठेवलाय." पंढरी पन्नाशी ओलांडलेला माणूस, त्याला धाप लागली. थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आलं, की ऐकू येतेय ती फक्त त्याचीच धाप आहे. मुखवटा गप्प झाला होता.

मुलं उठली. गर्दीने सगळ्यांना पुढच्या दारातून बाहेर ढकललं. दारावर पाटी होती : 'परत फिरण्यास सक्त मनाई.'

"नऊ," हर्षदा मॅडमनी मोजून घेतली. मग खाली पाहिलं. "पंढरी, चपला?"

"आत राहिल्या."

"अहो, मग आणा की!"

"नको मॅडम. तिथंच बऱ्या."

जव्हार सुटल्यावर बसमधली बाकीची मुलं झोपली. करिष्मा सीट बदलून त्याच्या शेजारी आली.

"आज्याला सांगू?"

"मी सांगतो," पंढरी म्हणाला. चार वर्षांत हे वाक्य त्याने पुष्कळदा मनात म्हणून पाहिलं होतं. मोठ्याने ते फारच लहान निघालं.

दिवेलागणीला बस शाळेच्या फाटकाशी लागली. जिवा नातीला सुट्टीला घरी न्यायला बसून होता. पंढरी शेवटी उतरला. खडीवर त्याचे पाय बिचकत पडत होते.

"चपला कठं घालवल्यास रं?" जिवा हसला. "भुतानं नेल्या काय?"

"त्राटिकेपुढं ठेवल्या."

जिवाचं हसू तोंडावरच राहिलं. त्याने पंढरीच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"कान?" त्याने विचारलं.

"हाय. सूर्यफूल पण हाय."

म्हाताऱ्याने वाकून आपल्या पायातल्या चपला काढल्या आणि कडेला सारल्या. नातीला जवळ ओढून दगडावर नीट बसला.

"सांग," तो म्हणाला.