बेकरीवाल्याची बायको गोड सोडते

लग्न झाल्यापासून भट्टीतून निघालेला पहिला केक टेलरबाईंच्या शिलाई मशीनशेजारी यायचा. खाली नवऱ्याची बेकरी, वर घर आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम. नवरा बशी ठेवून समोर उभा राहायचा. त्या एक तुकडा तोंडात टाकून म्हणायच्या, "झकास झालाय." तो खूश होऊन खाली जायचा आणि उरलेला केक त्या कापड बेतता बेतता संपवायच्या.

वजन असं बशीबशीने वाढलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून स्पष्ट सांगितलं, साखर काठावर आहे, गोळ्या नंतर बघू, आधी ताट बदला.

दुसऱ्या दिवशी बशी आली तशी टेलरबाईंनी परत सरकवली.

"आजपासून नको."

"एक तुकडा घे गं."

"तुकड्यावर मी कधी थांबलेय का?"

बेकरीवाल्याचा चेहरा न फुगलेल्या पावासारखा बसला. तरी संध्याकाळी बिस्किटांचा डबा त्याने नेहमीसारखा कपाटात ठेवलाच. टेलरबाईंनी दोन-तीन दिवस मन घट्ट केलं. मग एका कोटाची बाही उलटी लागली आणि ती उसवता उसवता अर्धा डबा रिकामा झाला. त्या स्वतःवरच चिडल्या. तशाच जिना उतरल्या आणि डबा गिऱ्हाइकांदेखत गल्ल्यावर ठेवला.

"अहो, दिवसभर मनावर पहारा देत बसले तर शिवू कधी? हा घरात नको."

"माझ्या हातचं नकोसं झालंय तुला," तो हिरमुसून म्हणाला.

"नकोसं झालं असतं तर खाली आणावा लागला असता का?"

गिऱ्हाइकं हसली. त्यालाही हसू आलं. "पण मग चव कोण बघणार?"

"मी बघते," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. केकचा तुकडा तोंडात घोळवून त्या म्हणाल्या, "कोरडा आहे. कायमच असतो."

बेकरीवाल्याने बायकोकडे पाहिलं. "तू तर झकास म्हणायचीस."

"मला खायचा असायचा," टेलरबाई खाली मान घालून म्हणाल्या.

हे त्याला चांगलंच झोंबलं. केक तर त्याने सुधारलाच, शिवाय बायकोसाठी कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा पाव करायला घेतला. पहिला पाव खाऊन टेलरबाई म्हणाल्या, "भुसा चावल्यासारखं वाटतंय. पाणी वाढवा." आता त्यांना खरं बोलायला काही अडचण नव्हती. चार-पाच खटपटींनंतर पाव जमला. जेवणात त्याची एक चकती, उकडलेलं अंडं आणि अर्धं ताट भाजी, असं ठरलं. दुपारी तयार कपडे त्या स्वतः चालत पोचवू लागल्या.

भाचीच्या लग्नात मात्र आइस्क्रीमपुढे निश्चय वितळला. पण दुसऱ्या दिवशी रडत न बसता त्यांनी पुन्हा भाजी चिरायला घेतली. वजन रमतगमत का होईना, उतरत गेलं. साखरही काठावरून मागे सरली.

एका सुट्टीच्या दिवशी त्या स्वतःचे सैल झालेले कपडे आत घेत बसल्या होत्या. बेकरीवाला बराच वेळ दारात घुटमळला.

"माझंही माप घे जरा. कमरेचं."

त्यांनी टेप गुंडाळली आणि वर पाहिलं. "श्वास सोडा."

"सोडलाय की," तो कसाबसा म्हणाला.

टेलरबाई टेप धरून हसत थांबल्या. त्यांना काही घाई नव्हती.